घोटाभर पाणी

राधाकिशननं ओसरीवर उपरणं झाडलं आणि त्यातल्या मोसंब्या घरभर पळाल्या. मोसंब्या कसल्या, गोट्याच म्हणा! देठाशी पिवळी पडून गळालेली लिंबाएवढी फळं. "घे, घाल लोणचं," असं बायकोला म्हणून तो भिंतीला टेकून बसला. केसरबाई एकेक फळ वेचत राहिली. पंधरा दिवस रोज सकाळी हेच चाललं होतं. नवरा बागेत जायचा, गळालेली फळं भरून आणायचा आणि त्यांचा राग घरादारावर काढायचा.

राग खोटा होता असं कोण म्हणेल? तीनशे झाडं, नऊ वर्षांची. थोरलीचं लग्न या बागेनं केलं, धाकटीला बीडला शिकायला या बागेनं ठेवलं. चकलांब्याच्या अलीकडच्या त्या गावात सलग दुसऱ्या वर्षी पावसानं नुसतं तोंड दाखवलं होतं. यंदा बाग गेली, तर पुन्हा रोपं लावून नऊ वर्षं वाट बघायला राधाकिशनचं वय राहिलं नव्हतं. बावन्न उलटली होती. बाग गेली की आपण गेलो, हे तो कुणाला बोलून दाखवत नव्हता, पण रात्रंदिवस तेच डोक्यात घोळत होतं.

आणि पाणी नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही! गावच्या पाझर तलावाखाली शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची विहीर होती. एक्केचाळीस सभासद, एक मोटार, एक पाइपलाइन आणि प्रत्येकाच्या शेतात एक वॉल, म्हणजे पाणी सोडायची चावी. गावाच्या पिण्यापुरतं राखून उरलेलं पाणी दहा-दहा जणांच्या गटाला चौथ्या दिवशी पाळीनं मिळायचं. पाइपलाइनच्या तोंडाशी राधाकिशनचं शेत. पहिला वॉल त्याचा, आठ घंटे त्याचे आणि दाबही त्यालाच. शेवटी शेपटाला जे असतील त्यांनी लाइट राहिली तर पाणी घ्यावं, नाहीतर आभाळाकडं बघावं. शिवाय या संस्थेत एक रीत होती. कुठल्या कागदावर लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळायचे: ज्यानं पाळी पुरती घेतली नाही, त्याची पाळी गेली. म्हणून गरज असो नसो, जो तो आपले घंटे शेवटच्या मिनिटापर्यंत वाजवून घ्यायचा. उरलेलं पाणी रस्त्यावर गेलं तरी चालेल, पण शेजाऱ्याला गेलेलं चालत नव्हतं. दुष्काळात माणूस शहाणा होतो म्हणतात. कुठं होतो, कुणास ठाऊक!

पाळीच्या दिवशी राधाकिशन धोतर गुडघ्यावर खोचून अनवाणी बागेत उतरायचा. प्रत्येक आळ्यात खोडाला लागून उजवा पाय ठेवायचा आणि घोटा बुडेपर्यंत पाणी धरायचा. घोटा बुडला की बारं, म्हणजे पाण्याची वाट, फोडून पुढच्या झाडाला. हे माप त्याला त्याच्या बापानं, बद्रीनाथनं, शिकवलं होतं. घोटा बुडला की झाड धालं, त्याचं पोट भरलं, असं बाप म्हणायचा. आता बापाच्या वेळी बाग होती कुठं? होता तो ऊस. पण बापाचं माप ते बापाचं माप, त्यात कुणी बोट घालायचं नाही.

मधे सरकारी योजनेतून ठिबकच्या नळ्या आल्या होत्या. सगळ्यांनी घेतल्या म्हणून यानंही घेतल्या, खोडाला बांधून एक दिवस पाणी सोडून बघितलं, आणि थेंब थेंब गळताना बघून त्याचं डोकंच फिरलं. ह्याच्यानं चिमणी तरी धाती का, म्हणत त्यानं त्या गुंडाळून गोठ्यात टाकल्या. त्यातल्या एका नळीवर केसरबाई धुणं वाळत घालायची. तिनं मागच्या वर्षी एकदा नवऱ्याला सांगितलंही होतं, की झाडांच्या खोडाला डिंक यायला लागलाय. त्यावर राधाकिशन उलटा खूश झाला. डिंक म्हणजे झाडात रग हाय, बाभळीला न्हाई येत का, असं त्यानं तिलाच शिकवलं. काय बोलावं अशा माणसाला?

आता मनकर्णेचं सांगतो. पाइपलाइनच्या अगदी शेपटाला साळव्यांचं दीड एकर रान होतं आणि त्यात मोसंबीची साठ झाडं. नवरा शहादेव परळीच्या वीजकेंद्रात कंत्राटी कामाला, पंधरा दिवसांनी घरी यायचा. शेत सगळं मनकर्णेच्या अंगावर. लग्नाआधी माहेरी, घाटनांदूरकडं, ती एका फळरोपवाटिकेत रोजानं जायची. कलमं बांधणं, पिशव्या भरणं, मेलेलं रोप उपटून मुळीला काय झालं ते बघणं, यात तिची सात वर्षं गेली होती. कागदावर तिची पाळी राधाकिशनच्याच दिवशी, दोन घंट्यांची, पण पाणी शेपटाला पोचेपर्यंत लाइट जायची. हातात पडायचं जेमतेम चाळीस मिनिटांचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. ते ती बांधावरच्या हौदात साठवायची.

चैत्रातल्या एका सकाळी राधाकिशन चारा छावणीवर जनावरांना बघायला निघाला होता. साळव्यांच्या बांधाशी त्यानं गाडी थांबवली, कारण डोळ्यांवर विश्वास बसेना. पानं काळीशार हिरवी, फांदीफांदीला फळ धरलेलं, झाडांखाली वीतभर जाडीचं उसाचं पाचट पसरलेलं. लोक जे पाचट रानात जाळून टाकतात, ते हिनं डोक्यावरून आणून झाडाखाली घातलं होतं. राधाकिशन मनाशीच धुसफुसला. आपल्याला आठ घंटे मिळून झाडं वाळायलीत, आन् हिला टिपूस न्हाई तर हिची हिरवी? तो जागच्या जागी निवाडा करून मोकळा झाला. बाईनं पाइपलाइनला चोरून नळी जोडली असणार. आणि पाचट कावून घातलंय? नळी झाकायला!

इथं जरा थांबू या मंडळी, कारण खरी गोष्ट इथंच आहे. हाच हिरवा बगीचा राधाकिशनच्या भावकीत कुणाचा असता, तर तो बांधावर बसला असता, चहा पिऊन 'काय घातलंस बे झाडाला' म्हणून विचारून आला असता. पण शेत साळव्यांचं होतं. बौद्धवाड्यातल्या बाईला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल, हा विचार त्याच्या मनाच्या उंबऱ्यापर्यंतही आला नाही. चोरीचा मात्र न बोलावता आत आला. घरी केसरबाई म्हणालीच, की एकदा जाऊन तिला इचारा की. "तिला काय इचारायचं?" असं तो म्हणाला. त्या 'तिला' शब्दावर त्यानं जो जोर दिला, तो केसरबाईला चांगलाच कळला.

संस्थेचे चेअरमन सुंदरराव. माणूस वाईट नाही, पण त्यांना सभासद दिसत नसत, मतं दिसत. राधाकिशनच्या भावकीची चौदा मतं होती आणि साळव्यांचं एक. तक्रार हातात पडल्या पडल्या त्यांनी चौकशी होईपर्यंत मनकर्णेचा वॉल बंद करायला लावला. चौकशी आधी आणि शिक्षा नंतर, असं आपण पोरांना शाळेत शिकवतो. इथं शिक्षा आधी! मनकर्णा तीनदा संस्थेच्या ऑफिसात गेली. पहिल्यांदा साहेब बाहेर होते, दुसऱ्यांदा जेवायला बसले होते, तिसऱ्यांदा म्हणाले की कमिटी येईल, घाई करू नको. घाई करू नको! ऐन उन्हाळ्यात साठ झाडांना फळं लागलेली, आणि माणूस म्हणतो घाई करू नको. तीन पाळ्या गेल्या. हौदाच्या तळाचं पाणी ती तांब्यानं झाडांना देत होती. बाराव्या दिवशी पानं आत वळायला लागली.

त्या दिवशी कमिटी आली. सुंदरराव, राधाकिशन, टिकाव घेतलेला पाणीवाला बंकट आणि मागं तमाशा बघायला आलेली वीसेक माणसं. बंकटनं आधी बांधाच्या कडेनं चर खांदला. काही निघालं नाही. सुंदररावांना ऊन लागायला लागलं, ते म्हणाले आता पुरे. पण राधाकिशनला चेव आला होता. त्यानं स्वतःच्या हातानं तीन झाडांखालचं पाचट ओढून काढलं आणि झाडाभोवती खांदायला लावलं. मनकर्णा बांधावर उभी होती.  प्रत्येक घावाला तिचे ओठ आवळले जात होते. तिसऱ्या झाडाशी बंकट थांबला आणि त्यानं घाम पुसला.

"आण्णा, नळी न्हाई हितं. नुसत्या मुळ्याच तुटायल्यात," तो म्हणाला.

मनकर्णा खाली उतरली. चराशी बसून तिनं ओंजळभर माती उचलली आणि राधाकिशनपुढं धरली. वर आग ओकणारं ऊन, आणि बारा दिवस पाळीचं पाणी न मिळालेली ती माती आतून अजून गार होती, हाताळताच मोकळी होत होती. तिच्यात पांढऱ्या दोऱ्यांसारख्या मुळ्यांचं जाळं भरलं होतं.

"ही घ्या मव्ही चोरीची नळी," ती म्हणाली.

 मग ती बोलायला लागली. आवाज चढवला नाही, पण एकही शब्द गिळला नाही. "आण्णा, झाड खोडानं पाणी पीत न्हाई. फांदीचं टोक जिथवर, पांढरी मुळी तिथवर. पिणारं तोंड तिथं असतंय. मी थेंब तिथं सोडते आन् वरून पाचट घालते, म्हंजी ऊन वल पीत न्हाई. चाळीस मिनिटाचं पाणी मला चार दिस पुरतंय ते ह्याच्यामुळं. पाचट झाकायला न्हाई घातलं. सुंदररावचा बगीचा हिरवा दिसला असता, तर तुमी इचारायला आला असता. मव्हा दिसला, तर टिकाव घेऊन आलात."

सुंदरराव घाईघाईनं म्हणाले, की झालं ते झालं, चला आता. पण मनकर्णा म्हणाली, न्हाई साहेब, चौकशी अजून अर्धीच झाली. हाच बंकट आणि हाच टिकाव आता आण्णाच्या बागेत चालू द्या. राधाकिशन हट्टी खरा, पण पळपुटा नव्हता. चल म्हणाला, खांद कुठं खांदायचं ते! अख्खी वरात उन्हातून पाइपलाइनच्या तोंडाकडं निघाली.

बंकटनं पहिला घाव घातला तो खोडालगतच्या आळ्यात. माती चिकट निघाली आणि कुजका वास आला, इतका की बघायला आलेल्या केसरबाईनं पदर नाकाला लावला. बंकटनं एक जाड मूळ बोटांत धरलं, तर उकडलेल्या शेंगेचं टरफल सुटावं तशी साल त्याच्या हातात आली. आत सगळं काळं पडलेलं होतं. मग मनकर्णेनं फांदीच्या टोकाखाली खांदायला सांगितलं. तिथं टिकाव खणकन वाजला. जमीन विटेसारखी कोरडी, आणि पांढरी मुळी औषधालासुद्धा नाही! दुसरं झाड खांदलं, तिसरं खांदलं. तेच, तेच आणि तेच.

मनकर्णेनं खोडावरच्या डिंकाला बोट लावलं. ती रग नव्हती, तो रोग होता, हे तिनं सांगितल्यावर केसरबाईनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं मान फिरवली.

"घोटा तुमचा बुडत व्हता आण्णा, गळा झाडाचा बुडत व्हता," मनकर्णा म्हणाली. "मुळीला पाण्यासंगं वारं बी लागतंय. दर चौथ्या दिशी आळं तुडुंब केल्यावर रान सुकून वाफशावर येणार कवा? पाणी कमी पडून न्हाई वाळली तुमची झाडं. जास्त पडून वाळायलीत, आन् ते बी नको तिथं."

राधाकिशन बांधावर बसला. आधी त्याला बापाचा राग आला, मग सरकारी नळ्यांचा, मग समोर उभ्या असलेल्या या बाईचा. पण राग धरायला हातात काही उरलंच नव्हतं. नऊ वर्षं तो झाडांना पाणी पाजत नव्हता, बुडवत होता! साऱ्या गावाच्या वाट्याचं पाणी ओढून त्यानं आपल्याच बागेचा जीव घेतला होता. आणि चोर म्हणून बोट दाखवलं ते कुणाकडं, तर जिनं थेंबाथेंबानं झाडं जगवली तिच्याकडं. त्याला शरम वाटली.

"मग आता?" त्यानं शेवटी विचारलं. मनकर्णेला त्यानं आयुष्यात विचारलेला तो पहिला प्रश्न.

ती म्हणाली, शंभरेक जातील, बाकीची धडपडली तर राहतील. डिंक खरवडून बोर्डोचं औषध लावा, खोडाचं आळं मातीनं बुजवा, फांदीच्या टोकाखाली गोल धरून ठिबकच्या नळ्या तिथं फिरवा आणि वरून पाचट घाला. एवढं सांगून ती उठली. "पण आधी मव्हा वॉल उघडा," असं सुंदररावांना म्हणाली आणि चालू लागली.

वॉल त्याच दिवशी उघडला. तिसऱ्या दिवशी संस्थेची सभा भरली. सुंदररावांनी एका ओळीत उरकून टाकायचं ठरवलं होतं: चौकशीत आक्षेपार्ह काही आढळलं नाही. तेवढ्यात राधाकिशन उठला आणि म्हणाला, असं लिहू नका. तक्रार खोटी व्हती आन् ती मी केलती, असं लिहा. भावकीतली माणसं त्याचा सदरा ओढून खाली बसवायला लागली. तो बसला नाही. त्याच दमात त्यानं पाळीच्या रितीला हात घातला. पाळी जाऊ नये म्हणून आपण पाणी घालवतो, याला शहाणपण म्हणायचं का, असं त्यानं सगळ्यांना विचारलं. पाणी घंट्यावर नको, झाडावर मोजा. पाळी शेपटाकडून सुरू करा. आणि ज्याचं भागलं, त्यानं वॉल बंद केला तर त्याचा हक्क जाऊ नये.

मग काय गोंधळ! तोंडाशी शेतं असलेले उठून भांडायला लागले. एवढी वर्षं चाललं, तेच चालू द्या म्हणाले. स्वतःच्या झाडांची माती केलीस, आता आमाला शिकवतोस का बे, असंही एकानं सुनावलं. राधाकिशन म्हणाला, ठराव होवो न होवो, मव्हे आठ घंटे आजपासून सगळ्यात शेवटी धरा. यावर मात्र विरोध जरा ढिला पडला, कारण ज्याचं सगळ्यात जास्त जाणार होतं तोच सोडत होता. हात वर झाले. एक्केचाळिसातले बावीस! ठराव झाला.

सभा उठताना राधाकिशन मनकर्णेपुढं हात जोडून उभा राहिला. "चुकलो. माफ कर," म्हणाला.

"माफीचं मागून बघू, आण्णा," ती म्हणाली. "तीन झाडांच्या मुळ्या तुटल्यात. त्यांच्यावर सावली करायचीय. उद्या सकाळी तुमी या."

तो गेला. बायकोची जुनी लुगडी आणि बांबू घेऊन गेला, तिन्ही झाडांवर सावली बांधली, चर बुजवले, ओढून काढलेलं पाचट पुन्हा पसरलं. मनकर्णेनं पाणी दिलं, चहा दिला. गोड काही बोलली नाही. तिनं बोलावं अशी अपेक्षा करायचीही त्याची हिंमत नव्हती.

मग नव्या पाळीचा पहिला दिवस उजाडला. वॉल पहिल्यांदाच शेपटाकडून उघडणार होते. राधाकिशननं हिशेब केला: आपला नंबर शेवटचा, लाइट जाते एकला, म्हणजे आज कोरडंच. नळ्या नव्या जागी फिरवून, आळी बुजवून तो झाडाच्या तुटपुंज्या सावलीत बसून राहिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला कळलं, की शेपटाला बसून पाण्याची वाट बघणं काय असतं. साडेअकराच्या सुमारास बंकट सायकलवरून आला आणि म्हणाला, आण्णा, वॉल उघडा, पाणी यायलंय.

"एवढ्यात?" राधाकिशन उठलाच.

"मनकर्णाबाईच्या झाडांना दोन घंटे धरले व्हते," बंकट म्हणाला. "फुल दाबानं आलं तर त्यांनी पाऊण घंट्यात वॉल बंद केला. म्हणल्या, मव्ह्या झाडांचं भागलं. राहिलेलं वर जाऊ द्या, आण्णाची झाडं आजारी हायेत. त्यांचं बघून खालच्या चौघांनी बी आपापले वॉल लवकर बंद केले."

 तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे राधाकिशनला पक्कं ठाऊक होतं. दोन घंटे पुरते घेतले असते आणि वर म्हणालो असतो, मर आता. बंकटपुढं डोळे पुसायला नको म्हणून तो पाठ करून वॉलकडं गेला आणि त्यानं तो उघडला. फांद्यांच्या टोकाखाली थेंब पडायला लागले. घोटा सोडा, अंगठाही बुडत नव्हता. तरी तो एकेका झाडाशी खाली बसून ते थेंब मातीत जिरताना बघत राहिला.

मंडळी, दुष्काळ आभाळातून येतो हे खरं आहे, आणि आभाळापुढं तुमचं माझं काही चालत नाही. पण आलेलं पाणी आपल्या हट्टात आणि अहंकारात किती मुरतं, ते तरी बघाल की नाही? झाडाला पाणी मुळीपाशी द्या, डोळ्याला दिसावं म्हणून देऊ नका. संस्था सगळ्यांची असेल, तर शेपटाच्या माणसाला आधी पोचू द्या. आणि शेजाऱ्याचं रान हिरवं दिसलं, तर त्याच्या दारात जाऊन विचारा. जाताना त्याचं घर कुठल्या वाड्यात आहे, ते बघू नका. राधाकिशनला एवढी अक्कल यायला एकशे बारा झाडं गमवावी लागली. तुम्हांला ती फुकट मिळते आहे, तर घ्या.